एमायलेजचे मूळ

पिठाच्या गिरणीवाल्याच्या पोटात सकाळपासून कळा येत होत्या. डॉक्टरांनी रक्तातले एमायलेज तपासायला सांगितले. हे एक विकर, म्हणजे एन्झाइम. स्वादुपिंड बिघडले की वाढते. तपासणी झाली, पण अहवाल खिडकीत अडकला. नव्या परिपत्रकानुसार अहवालातल्या शास्त्रीय शब्दाची व्युत्पत्ती रुग्णाने लेखी देणे बंधनकारक होते. जनतेत भाषाप्रेम वाढावे, हा उदात्त हेतू.

गिरणीवाला बाकावर आडवा होता. खिडकीशी त्याची मुलगी, तिच्यामागे मी, माझ्यामागे वीसेक जण.

"रक्त बाबांचं आहे, शब्द नाही," ती म्हणाली.

"शब्द आमचाही नाही. म्हणूनच विचारतोय," कारकून म्हणाला.

ती धावतपळत वाचनालयात जाऊन आली आणि लिहून दिले: मूळ ग्रीक. 'अ' म्हणजे नाही, पुढचा भाग म्हणजे जाते. जात्यावर न दळलेले ते स्टार्च. ते तोडणारे एमायलेज.

कारकुनाने दोनदा वाचले. "वडिलांचा धंदा?"

"पिठाची गिरणी."

"गिरणीवाल्याकडे न दळलेला माल, तोही अहवालात नेहमीच्या तिप्पट. परवाना विभागाला कळवावं लागेल."

तो विभाग वरच्याच मजल्यावर होता. निरीक्षक वही घेऊन खाली आला.

"माल कुठे ठेवलाय?"

"साहेब, पोटातच आहे म्हणतात," गिरणीवाला कण्हत म्हणाला.

'साठ्याची जागा मालकाने स्वतः दाखवली,' अशी नोंद झाली. निरीक्षकाने गिरणीवाल्याच्या सदऱ्यावर पोटाच्या जागी कागद चिकटवला: पुढील आदेशापर्यंत येथे काहीही आत नेण्यास मनाई.

तेवढ्यात डॉक्टर आले. कागद वाचून म्हणाले, "उपाशीच ठेवायचं होतं," आणि खाली सही केली. सलाइनला हरकत निघाली नाही. ते दळता येत नाही. चौथ्या दिवशी गिरणीवाला हिंडूफिरू लागला आणि परिपत्रकाचा पहिला लाभार्थी ठरला. अहवाल अजून तपासाधीन आहे.

पण त्या दिवशी, बापाला वॉर्डात नेताना, मुलगी आमच्याकडे वळली. "तुम्हीच सांगा, हे बरोबर आहे का?"

"ताई, जरा बाजूला व्हा," मी म्हणालो. "आमचा खोळंबा होतोय."

मागच्या वीस जणांनी माना डोलावल्या. मी माझा कागद सरकवला. तपासणी लायपेजची होती.

"मूळ अर्थ चरबी," कारकुनाने वाचले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "अंगात फार आहे का?"

"मुळीच नाही, साहेब."

हसू नका. तुम्ही वेगळे काय म्हणाला असता?