आधी तू ठेव

आईनं सकाळीच जाहीर करून टाकलं, "पाच वाजता भंगारवाला येतोय. पुढच्या खोलीतला तो जुना कॉम्प्युटर त्याला देऊन टाकणार. तिथं माझं शिलाई मशीन बसणार."

त्या कॉम्प्युटरमध्ये अप्पांचे बेचाळीस रविवार होते. दर रविवारी त्यांची थोरली बहीण, अक्का, परगावाहून फोन करायची. अप्पांचा सगळा जन्म रेडिओ दुरुस्त करण्यात गेला होता, त्यामुळे टेलिफोनच्या तारेतून आवाज काढून साठवणं हा त्यांच्या हातचा मळ. अक्का जाऊन चार वर्षं झाली. पेन ड्राइव्ह लावायची भोकं तिच्याही आधी गेली होती. शाबूत होती ती फक्त नेटवर्कच्या केबलची खाच.

"एवढंच ना?" अप्पांची अडचण ऐकून धाकटी मुलगी म्हणाली. ती नुकतीच पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन घरी आली होती, आणि चहातली साखरही मोजून घालायची म्हणून अप्पा तिला मोजपट्टी म्हणत. "दोन छोटे प्रोग्राम लिहिते. माझ्या लॅपटॉपवरचा फोन लावेल, तुमच्याकडचा उचलेल. मग तुमचा फाईल बोलून दाखवेल आणि माझा लिहून घेईल. याला सॉकेट म्हणतात."

"आमच्या वेळी सॉकेटला हात लावला की शॉक बसायचा."

"यालाही बसतो. जरा उशिरा."

पुढच्या खोलीतून आतल्या खोलीत केबल ओढली गेली. साडेचारला प्रोग्राम चालू झाला आणि बेचाळीस फायली चार सेकंदांत आल्या. मोजपट्टीला खरं तर इथंच शंका यायला हवी होती. पण स्वतःचं काम वेगानं झालं की शंका कोणाला येते? तिनं फायली मोजल्या, बेचाळीस भरल्या, आणि पाच वाजता भंगारवाल्यानं कॉम्प्युटर तीन जिने उतरवून हातगाडीवर ठेवला. आईनं तत्परतेनं मशीन कोपऱ्यात सरकवलं.

"लाव की एखादी," अप्पा म्हणाले.

लॅपटॉपमधून अक्का म्हणाली, "हॅलो, मी बोलतेय. आवाज का बसलाय तुझा? पुन्हा पंख्याखाली झोप..." आणि थांबली.

दुसरी लावली. "हॅलो, मी बोलतेय. डॉक्टरकडे गेलास का? नाहीच गेला असशी..."

प्रत्येक फाईल आठ सेकंदांची होती.

"बेचाळीस वेळा नुसती रागावून गेली," अप्पा म्हणाले. हसायचा प्रयत्न त्यांना जमला नाही.

मोजपट्टी चप्पल न घालताच जिना उतरली. भंगारवाला गल्लीच्या टोकाला पोहोचला होता.

"ताई, दिलेली वस्तू परत मागतात का?"

"परत नको. तासाभरासाठी हवी आहे."

तो कपाळावर हात मारून कॉम्प्युटर पुन्हा वर घेऊन आला. कोपरा मशीननं घेतलेला असल्यामुळे तो शिलाई मशीनवरच बसवावा लागला. आईनं भंगारवाल्याला चहा दिला, घरच्यांकडे नुसतं पाहिलं.

"माझी चूक सापडली," मोजपट्टी म्हणाली. "मी एकदाच ओंजळ पुढे केली. पाणी येत राहिलं, मी पहिल्याच ओंजळीवर निघून आले. आता पलीकडून फोन ठेवेपर्यंत ओंजळ धरून बसायचं. अप्पा, फाईल संपली की तुम्ही एन्टर दाबा, म्हणजे तुमच्याकडून फोन ठेवला जाईल. त्याशिवाय माझ्याकडे फाईल साठवलीच जाणार नाही."

"तुझे अप्पा फोन ठेवणार?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "अर्धा अर्धा तास 'तू ठेव', 'आधी तू ठेव' चालायचं भावाबहिणीचं. शेवटी मी येऊन बोटानं बटण दाबायचे, तेव्हा संपायचा रविवार."

अप्पांनी ते मनावर घेतलं. एकेक फाईल वीस सेकंदांत जाई आणि ते ऐटीत एन्टर दाबत. एक्केचाळीस वेळा दाबलं. भंगारवाल्यानं दुसरा चहा संपवून चप्पल घातली.

बेचाळिसावी मात्र संपेना. लॅपटॉप ओंजळ धरून बसला होता.

"अप्पा, आली सगळी. ठेवा आता."

मोजपट्टी बाहेर आली. अप्पांनी शेवटचा रविवार जुन्या स्पीकरवर लावला होता आणि त्यांचा हात मांडीवर होता.

"ठेव रे आता," अक्का म्हणत होती.

"आधी तू ठेव," चार वर्षांपूर्वीचे अप्पा म्हणत होते.

"मी फोन लावलाय. लावणारीनं ठेवलं तर कंटाळली असं वाटतं."

"मग मी ठेवला तर काय वाटेल?"

"काका," भंगारवाला हळूच म्हणाला, "मी उद्या येऊ का?"

"बसा हो, झालंच आता," अप्पा म्हणाले. पण हात मांडीवरून हलला नाही.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. क्षणभर तीही ऐकत उभी राहिली.

"अहो, जेवण गार होतंय," स्पीकरमधली आई म्हणाली. खट्‌ आवाज झाला आणि रविवार संपला.

खोलीतल्या आईनं पुढे वाकून एका बोटानं एन्टर दाबलं. आत लॅपटॉप वाजला. फाईल पोहोचली होती, शेवटच्या खट्‌सकट.

"ठेवलं," आई म्हणाली. मग भंगारवाल्याकडे वळली. "तुम्ही उद्याच या. यांचं अजून बोलणं व्हायचंय."