फेकाँच्या पुढचे सतरा किलोमीटर

दाणीकाका आमच्या घरी पहिल्यांदा चहाला आले तेव्हा त्यांच्या हातात मिठाईचा पुडा नव्हता, पाणसळ होती. गवंडी वापरतात ती, मधल्या नळीत बुडबुडा हलणारी. बेल वाजवायच्या आधी त्यांनी आमच्या ड्राइव्हवेवर गुडघे टेकले, पाणसळ धरली, एका टोकाखाली आधी पेन्सिल सरकवली, मग काडेपेटी, मग स्वतःचं पाकीट. मी खिडकीतून बघत होते. मला वाटलं, काहीतरी सांडलं बिचाऱ्यांचं.

"अठरा टक्के!" दार उघडताच ते म्हणाले. "याला परवानगी कोणी दिली?"

"काका, आत या. चहा निवतोय."

जॉन्सनव्हिल या आमच्या डोंगराळ उपनगरात सपाट जागा मागणं म्हणजे वेलिंग्टनमध्ये वारा नको म्हणण्यासारखं आहे. त्यात काका जन्मभर रस्ते आखणारे इंजिनिअर, आधी पुण्यात आणि मग इथल्या कौन्सिलमध्ये. रिटायर झाले, पण जित्याची खोड. दिसेल तो चढ मोजायचा. रस्ते संपले की माणसं मोजायची. मी ज्या फार्मसीत काम करते तिथला मॅनेजर नऊ टक्के, "आणि वर वाऱ्याची बाजू". माझ्या सासूबाई तीन महिने राहून गेल्या, त्या बारा टक्के, "पण डांबर उत्तम". मी स्वतः सहा, "वळणावर वाढते". हे ऐकून मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंही नाही, हा आणखी एक संताप.

त्यांचा धर्म एका वाक्याचा होता: "चढाला फसवू नये." सायकल चढावर नागमोडी चालवणारा माणूस त्यांच्या लेखी खिसेकापू. उतरून ढकलणारा तर बोलायच्याच लायकीचा नाही. एकदा माझा नवरा डेअरीतून दूध आणताना सायकल ढकलत वर आला. काका फाटकाशी उभे होते. त्यांनी चक्क मान फिरवली. दूध आणायला गेलेला माणूस हो, शर्यतीला नव्हे!

त्यांच्या हिशोबात शून्य टक्के एकच व्यक्ती होती, शैलाकाकू. बायकोला शून्य म्हणणारा नवरा म्हणून मी त्यांच्यावर मनातून डूख धरून होते. हे त्यांचं सर्वांत मोठं कौतुक होतं, हे मला फार उशिरा समजलं.

काकूंनी पुण्यात शाळेत तीस वर्षं फ्रेंच शिकवलं. पुण्यात घरटी एकाला तरी 'बाँजूर' म्हणता येतं, त्यातलं निम्मं पाप काकूंचं. पण फ्रान्स त्यांनी कधी पाहिला नव्हता. काका रिटायर झाले की जायचं, असं ठरलं होतं. दिएप ते एत्रता, नॉर्मंडीच्या किनाऱ्याकिनाऱ्याने शंभर किलोमीटर, दोघांच्या एका सायकलवर. काकांनी ती टँडेम विकत घेतली, चढ-उतारांचा नकाशा हाताने काढला, तिकिटं काढली. आणि काकूंचा कोरडा खोकला थांबेना.

फुप्फुसं आतून घट्ट होत चालली होती. डॉक्टरांनी विमानाला नाही म्हटलं, आणि वर्षभर धरून चाला, असंही म्हटलं. त्या दोघांनी मला सांगितलं नव्हतं. पण काकूंची औषधं माझ्याच हातून जायची. चिठ्ठी वाचून मला कळलं, आणि कळूनही मी काउंटरवर "हवा काय छान पडलीये" असलं काहीतरी बोलले. अजून लाज वाटते.

घरी येणाऱ्या फिजिओने हलक्या सायकलिंगचा व्यायाम सांगितला. रोज दहा मिनिटं, जमेल तेवढं. "स्वीट ॲज, मिस्टर डॅनी?" ती म्हणाली, म्हणजे इथल्या भाषेत 'ठीक ना?'. मिस्टर डॅनी त्याच दुपारी गॅरेजमध्ये घुसले. मोटार बाहेर काढली आणि टँडेम आत आणली. मागचं चाक रोलरवर बसेल असा स्टँड स्वतः वेल्ड केला. काकूंसाठी मागच्या सीटला पाठ लावली, चढायला पायरी केली. भिंतीवर किनाऱ्याचा नकाशा. काकूंच्या ऑक्सिजनच्या मशीनची नळी स्वयंपाकघरातून गॅरेजपर्यंत पुरेल एवढी लांब.

"शनिवारी ये," मला म्हणाले. "माणूस लागेल."

माझं काम दोन प्रकारचं. चढ आला की पुढच्या चाकाखाली फळ्या सरकवायच्या, टक्क्यांप्रमाणे मोजून, म्हणजे सायकल खरोखर वर तोंड करेल. आणि मागे स्टँडजवळ उकिडवं बसून रोलरची लिव्हर ओढायची, शून्य ते आठ, म्हणजे पायडल जड होईल. एम. फार्म. होऊन मी साता समुद्रापार आले ती यासाठी.

"हिला एत्रताला पोचवायचं," काका मला फाटकापाशी म्हणाले होते. "ही आहे तोवर." एवढंच. त्यात टक्के नव्हते.

आणि निघालो. काका पुढे हेल्मेट घालून (गॅरेजमध्ये!), काकू मागे शाल घेऊन. वाटेत काय दिसतंय ते काकू सांगायच्या. सगळं पुस्तकातलं, पण अशा थाटात, जणू काल तिथून भाजी घेऊन आल्यात.

"डावीकडे जवस. निळी फुलं आलीयेत. एवढं जवस, पण... चटणी नाही करत हे लोक. नुसतं कापड विणतात."

"मूर्ख आहेत," काका पुढून.

"उजवीकडे कडा. पांढरा. खाली समुद्र. मुकुंद, खाली बघू नकोस... रस्त्याकडे बघ."

आणि काका खरोखर गॅरेजच्या दारावरची नजर हलवायचे नाहीत.

पहिल्या शनिवारी आठ किलोमीटर झाले. काकू हसत होत्या, गाल लाल झाले होते. मग सहा. मग चार. नकाशावरचं सँ-व्हालेरी गाव येईपर्यंत दर शनिवारी दोनच व्हायला लागले, आणि काकूंच्या वाक्यांत शब्दांपेक्षा श्वास जास्त. मशीनचा आकडा आम्ही वाढवत गेलो. नकाशावरची टाचणी मुंगीच्या पावलाने पुढे जात होती. दोन्हींचं गणित मला येत होतं. काकांना तर येतच होतं.

एका शनिवारी त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठलं. नळ सोडला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

"फळ्या नकाशाप्रमाणेच लाव. लिव्हर शून्यावर ठेव."

मी बघतच राहिले.

"हिला सांगायचं नाही. मी हिला सांगितलंय, पाय नुसते पायडलवर ठेव, मी ओढतो. पण चढ जड झाला की तिचा जीव राहत नाही." मग नळाकडे बघत म्हणाले, "माझ्याकडे असं बघू नकोस."

चढाला फसवू नये म्हणणारा हा माणूस. दूध आणणाऱ्या माझ्या नवऱ्याला बघून मान फिरवणारा.

पुढचे सगळे शनिवार आम्ही चोऱ्या केल्या. काका पुढून ओरडायचे, "सात टक्के! मेधा, फळी!" मी फळ्या लावायची, चाक वर व्हायचं, काका "हुश्श" करून घाम पुसायचे. नाटकात काम करायची अक्कल त्यांना अजिबात नव्हती. मागे लिव्हर शून्यावर.

"शैला, पाय नुसते ठेवलेस ना?"

"नुसतेच... ठेवलेत."

फेकाँ गाठलं त्या दिवशी काकूंनी गावाचं नाव त्यांच्याकडून तीनदा म्हणून घेतलं, शाळेतल्यासारखं. काकांना शेवटचा नाकातला आवाज काही जमला नाही. टाचणी फेकाँवर टोचली. एत्रता सतरा किलोमीटर.

त्याच आठवड्यात बुधवारी काकू गेल्या.

स्मशानभूमीच्या रस्त्याने गाडीमागून चालताना काका माझ्या शेजारी होते. "तीन टक्के," ते पुटपुटले. "बरा आहे. तिला त्रास नाही होणार." मला हसूही आलं आणि रडूही. मी दोन्ही पदराआड केलं.

महिन्याने त्यांचा फोन आला. "शनिवारी ये. सतरा राहिलेत."

मी गेले. काका हेल्मेट घालून पुढच्या सीटवर बसले. मागची काकूंची रिकामी सीट मी बघितली आणि पटकन लिव्हरपाशी खाली बसले. फळ्या नव्हत्या, आधी सपाट सुरुवात करू म्हणाले. दोन मिनिटं पायडल मारलं असेल, आणि थांबले.

"जड जातंय. लिव्हर कितीवर आहे?"

"शून्यावर."

"नीट बघ."

"शून्यावरच आहे, काका. तेव्हापासून कोणी हलवली नाही."

पुन्हा दोन मिनिटं. पुन्हा थांबले.

"महिनाभर बसला नाहीत तुम्ही," मी म्हटलं, "पाय जड झाले असतील."

"रोज सकाळी टेकडी चढतोय मी. माझ्या सायकलने." ते उतरले. चेन तपासली. ब्रेक चाकाला घासतोय का पाहिलं. रोलर हाताने फिरवला, तेल घातलं, कान लावून ऐकला. टायरची हवा मोजली. वीस मिनिटं तो माणूस जमिनीवर पालथा पडून बिघाड शोधत होता, आणि बिघाड सापडावा म्हणून मी देवाची करुणा भाकत होते, कारण तोवर माझ्याही लक्षात आलं होतं.

काही नव्हतं. सगळं ठाकठीक होतं.

पलंगापासून बाथरूमपर्यंत जाताना काकूंना तीन ठिकाणी थांबायला लागायचं, हे मला माहीत होतं. त्यांच्या श्वासाचे आकडे मी स्वतः लिहून घेतले होते. त्या बाईने सगळा रस्ता आपला वाटा उचलला होता. आणि आम्ही दोघं शहाणे त्यांच्यापासून लिव्हर लपवत होतो.

काका रंगाच्या डब्यावर बसले. तेलाचे हात गुडघ्यांवर. हेल्मेट तसंच.

"मला वाटत होतं, मी ओढतोय," ते म्हणाले.

मी त्यांच्याजवळ जाऊन खाली फरशीवर बसले. त्या दिवशी आम्ही फेकाँच्या पुढे गेलो नाही.