नऊ टक्के आणि नऊ किलोमीटर

"अहो, इथे नऊ दिसतंय," सिस्टर म्हणाल्या.

सर गाडीची पुढची काच पुसत होते. फडकं हातात तसंच धरून ते खिडकीतून आत डोकावले. स्टिअरिंगच्या मागच्या छोट्या पडद्यावर खरोखरच नऊ होते.

"नव्याण्णव असेल. नीट बघ."

"एकच नऊ आहे. दुसरा शोधून दाखवा."

सकाळचे दहा वाजायला दहा मिनिटं कमी होती. अकरा वाजता सिस्टरांची गाडी चालवायची परीक्षा होती आणि परीक्षेचं मैदान बरोबर नऊ किलोमीटरवर होतं. गाडी विजेवर चालणारी, दोन दारांची, एवढीशी, की इमारतीतली मंडळी तिला 'सरांचा डबा' म्हणत. काल संध्याकाळच्या सरावानंतर तिच्यात आठ टक्के वीज उरली होती. सरांनी स्वतःच्या हातानं वायर जोडली होती, बटण दाबलं होतं आणि लाल दिवा लागल्याची खात्री करून मगच ते जेवायला वर गेले होते. म्हणजे रात्रभरात गाडीच्या पोटात जेमतेम एक टक्का गेला होता.

सरांनी चौकशी पद्धतशीर केली. वायर गाडीत होती. वायरीचं दुसरं टोक भिंतीत होतं. बटण मात्र बंद होतं.

"मीच बंद केलं, सर," वॉचमन मागून म्हणाला. शाबासकीची वाट बघत तो ताठ उभा होता. "तुम्ही वर गेलात आणि मी आत येऊन बघतो तर गाडीत कोणी नाही आणि बटण चालू."

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. सरांनी चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. त्यातलं बरंचसं मुलं विसरून गेली, पण एक धडा मात्र कोणी विसरलं नव्हतं: जिथे माणूस नाही तिथे बटण चालू नाही. वर्गातून शेवटी बाहेर पडणाऱ्यानं पंखा बंद केला नाही, तर सर अख्ख्या वर्गाला परत बोलवत, एकाला बटण बंद करायला लावत आणि मगच सुट्टी देत. वॉचमन त्यांच्याच वर्गातला. तशी निम्मी वस्ती त्यांच्याच वर्गातली होती.

रागवायचं कशावरून, हे सरांना ठरवता येईना.

"बरोबर केलंस," ते शेवटी म्हणाले. वॉचमन खूष होऊन फाटक उघडायला गेला.

"शाबासकी काय देताय?" सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. "आज शेवटचा दिवस आहे माझा."

तेही खरंच होतं. शिकाऊ परवान्याची मुदत आजच संपत होती. दोनदा त्या नापास झाल्या होत्या आणि आज परीक्षा हुकली, तर सगळं पहिल्यापासून करावं लागणार होतं: अर्ज, लेखी परीक्षा, रांगा. आणि त्यांनी घरात जाहीर केलं होतं की पहिल्यापासून काही करायचं आता आपलं वय नाही, तसं झालं तर गाडी विकून टाकायची. पण खरं तर त्यांना ती विकायची नव्हती. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांची मोठी बहीण राहायची. ताईंना बसची पायरी चढवत नव्हती. वर्षभर त्या खिडकीत बसून खालचा रस्ता बघत होत्या. परवाना मिळाला की दर आठवड्याला तुला फिरवून आणीन, असं सिस्टरांनी कबूल केलं होतं आणि पहिला फेरफटका आजच चार वाजता ठरला होता. ताईंनी सकाळीच फोन करून कुठली साडी नेसू म्हणून विचारलं होतं.

"टॅक्सीनं जाऊ या का?" सरांनी विचारलं.

"जाऊ की. आणि परीक्षा कशात देऊ? टॅक्सीत?"

सरांनी हिशेब केला. नऊ टक्क्यांत गाडी अकरा किलोमीटर जाईन म्हणत होती. अंतर नऊ. "पुरेल," ते म्हणाले, "पण काटकसरीनं. गाडी मी चालवणार. तू चालवलीस तर चौकातच संपेल."

सिस्टरांची सगळी नोकरी नर्स म्हणून रुग्णवाहिकेत गेली होती. तीस वर्षं त्या चालकाशेजारी बसून "चल, चल, अजून जोरात" एवढंच म्हणत आल्या होत्या. गाडी हळू चालते हेच त्यांना मुळात पटत नसे. पहिल्या परीक्षेत, परीक्षक खुर्चीत नीट टेकायच्या आत त्यांनी आठाचा आकडा पूर्ण केला होता, आणि एक खांबही. दुसऱ्या वेळी परीक्षक शेजारी बसले होते. उतरताना त्यांनी फक्त पाणी मागितलं.

सरांनी काटकसरीला सुरुवात केली. एसी बंद. रेडिओ बंद. मागच्या सीटवरची छत्री वॉचमनकडे. मग त्यांनी सिस्टरांच्या पर्सकडे पाहिलं.

"यात काय आहे?"

"बीपीचं मशीन."

"ते कशाला? वजन होतं."

"परीक्षा मी देते, पण बीपी तुमचं वाढतं."

मशीन राहिलं. गाडी निघाली.

पहिले चार किलोमीटर सुरळीत गेले. सरांनी खिडक्या बंद ठेवायला लावल्या होत्या, कारण उघड्या खिडकीतून वारा शिरला की तो गाडीला मागे ओढतो. आत भट्टी झाली होती. सर ताशी वीस किलोमीटरनं चालवत होते. एक सायकलवाला त्यांना मागे टाकून गेला, मग कुत्र्याला फिरवणारे एक गृहस्थ बराच वेळ बरोबरीनं चालले.

"त्यांना विचारा, मला घेऊन जाता का," घाम पुसत सिस्टर म्हणाल्या.

पुढे पुलाजवळ रस्ता खणलेला निघाला. पिवळं जाकीट घातलेल्या माणसानं हातानंच वळसा घ्यायला सांगितलं. वळसा तीन किलोमीटर जास्तीचा होता. तो संपला तेव्हा पडद्यावर चार टक्के होते. गाडी अजून चार किलोमीटर जाईन म्हणत होती आणि मैदान पाच किलोमीटरवर होतं. दहा वाजून अठरा मिनिटं झाली होती.

"शेवटचा एक किलोमीटर मी उचलून नेऊ का?" सिस्टर म्हणाल्या.

सरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि गाडी एका केशकर्तनालयासमोर उभी केली. दुकानाचा मालक कात्री घेऊनच दारात आला.

"सर, तुम्ही? या ना. ब वर्ग, शेवटचा बाक."

"अरे, मला केस नाही कापायचे. जरा वीज हवी आहे. दहाच मिनिटं."

दुकानात जाड पिनेचं एकच सॉकेट होतं. त्यावर गरम पाण्याचा हीटर चालायचा. न्हाव्यानं हीटर काढला, गाडीतली वायर दारातून आत ओढून तिथे लावली आणि गाडीला जोडली. लाल दिवा लागला. सरांनी त्याला समोर उभं करून बजावलं, "हे बघ. गाडीत कोणी नसलं तरी हे बटण बंद करायचं नाही."

न्हाव्यानं चमकून पाहिलं. चौतीस वर्षांच्या शिकवणीला सर स्वतःच तडा देत होते. पण त्यानं मान डोलावली.

गाडीत बसवत नव्हतं, म्हणून दोघं आत पंख्याखाली बाकावर बसली. न्हावी त्यांच्यासाठी पाणी आणायला मागे गेला. खुर्चीत एक गिऱ्हाईक बसलं होतं, गळ्याभोवती पांढरं कापड, डोक्याची उजवी बाजू कापलेली आणि डावी तशीच. सरांनी घड्याळ काढलं आणि सिस्टरांना आठाचा आकडा कसा काढायचा हे बोटानं हवेत समजावून सांगायला घेतलं. वळण, मग श्वास, मग वळण. आठ मिनिटं त्यात गेली, दोघांचं दुसरीकडे लक्षच नव्हतं. नवव्या मिनिटाला ते उठून बाहेर आले, तर पडद्यावर पाचच टक्के होते आणि लाल दिवा विझलेला होता.

"मी सांगितलं होतं ना तुला," सर न्हाव्याला म्हणाले.

"आईशप्पथ सर, मी हातसुद्धा नाही लावला."

खुर्चीतल्या गिऱ्हाइकानं कापडातून हात बाहेर काढून वर केला. "मी केलं, सर. गाडी रिकामी दिसली. उठून बंद केलं आणि परत बसलो. तिसरा बाक, खिडकीकडचा."

सरांनी त्याच्या अर्ध्या डोक्याकडे पाहिलं. चेहरा काही ओळखीचा वाटेना, पण धडा ओळखीचा होता.

"छान," ते म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

आता थांबायला वेळ नव्हता. पाच टक्क्यांवर पाच किलोमीटर जायचं होतं. सर ताशी पंधरानं निघाले. मागून एक शाळेची बस हॉर्न वाजवत आली, मग दुसरी. सिस्टरांनी बीपीचं मशीन काढलं आणि सिग्नलला सरांच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा बघून त्यांनी मशीन परत पर्समध्ये ठेवलं.

"किती?"

"गाडीपेक्षा जास्त आहे. पुढे बघा."

अकराला चार मिनिटं कमी असताना गाडी मैदानाच्या फाटकातून आत शिरली. पडद्यावर एक होता, आणि त्या एकाच्या शेजारी आता एक छोटं पिवळं कासव उगवलं होतं.

"हे काय?"

"वीज संपत आली की गाडी स्वतःच वेग कमी करते," सरांनी समजावलं. "कितीही दाबलंस तरी ती आता हळूच जाणार. कासवासारखी."

सिस्टरांचा चेहरा उतरला. "म्हणजे गेलं सगळं."

"परीक्षेतल्या शेवटच्या चढापर्यंत पोचलीस तरी पुरे," सर म्हणाले, पण तसं त्यांनाही वाटत नव्हतं. ते उतरून कुंपणापाशी जाऊन उभे राहिले.

परीक्षक तेच होते. ते काही सरांचे विद्यार्थी नव्हते, दुसऱ्या शाळेतले असावेत. सिस्टरांना बघताच त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि चार पावलं मागे नेऊन ठेवली.

"आज मी बाहेरूनच बघतो," ते म्हणाले. "करा सुरू."

सिस्टरांनी सवयीनं पाय तळापर्यंत दाबला. गाडी मुंगीच्या पावलानं निघाली. आतून सिस्टर दात ओठ खात होत्या, बाहेरून मात्र फक्त एक शांत, सावध बाई दिसत होती. आठाचा पहिला गोल झाला. एकही खांब हलला नाही. गाडी एवढी हळू होती की प्रत्येक वळणावर सिस्टरांना आरसा बघायला, मागे बघायला, आणि एकदा तर परीक्षकांकडे बघून मान लववायलाही वेळ मिळाला. दुसरा गोल झाला. परीक्षकांनी खुर्ची दोन पावलं पुढे घेतली. मागे घेऊन रेषांच्या आत गाडी लावणं झालं. त्यांनी खुर्ची आणखी पुढे घेतली.

राहिला फक्त चढ. मैदानाच्या टोकाला सिमेंटचा एक उंचवटा होता. त्याच्या माथ्यावर पांढरी रेषा होती. तिथे थांबायचं, मागे घरंगळायचं नाही आणि मग पलीकडे उतरून चौकोनात उभं राहायचं. गाडी चढाला लागली. सरांनी कुंपणाची तार घट्ट धरली. गाडी इंच इंच वर गेली, माथ्यावर पोचली आणि बरोबर पांढऱ्या रेषेवर थांबली.

"वा," परीक्षक म्हणाले. "अगदी रेषेवर."

सिस्टरांनी गाडी थांबवली नव्हती. गाडीच संपली होती. पण विजेची गाडी चालू असतानाही आवाज करत नाही, त्यामुळे हे सिस्टर सोडून कोणालाच कळलं नाही.

"या आता खाली," परीक्षकांनी हात केला.

सिस्टरांनी पाय सगळीकडे दाबून पाहिला. मग समोर पाहिलं. समोर उतार होता. तीस वर्षं त्यांनी श्वास बंद पडलेली माणसं पाहिली होती, आणि अशा वेळी हात थरथरू द्यायचे नाहीत एवढं त्यांना पक्कं येत होतं. त्यांनी गाडी न्यूट्रलला टाकली, ब्रेक हळूहळू सोडला, शरीराचा सगळा भार पुढे टाकला आणि गाडी निःशब्दपणे घरंगळत खाली आली. चौकोनाच्या मधोमध त्यांनी ब्रेक दाबला.

परीक्षकांनी सही केली. "मागच्या दोन वेळा ज्या आल्या होत्या त्या तुम्हीच ना?"

"मीच. साहेब, एक सांगू? गाडी बंद पडलीय."

"आत्ता?"

"चढावर."

परीक्षकांनी एकदा सहीकडे पाहिलं. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं. "बंद पडली तरी घाबरला नाहीत. तेही बघायचंच असतं." त्यांनी कागद उलटला. "शिकाऊ माणसाबरोबर परवाना असलेला कोण आलंय? इथे नंबर लिहायचाय."

सर पुढे झाले. सिस्टरांची फाईल त्यांनी या आठवड्यात तीनदा तपासली होती. आता त्यांनी खिशातून आपला परवाना काढून ऐटीत पुढे केला. परीक्षकांनी तो वाचला, डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा वाचला आणि सौम्य आवाजात विचारलं, "इथपर्यंत गाडी कोणी आणली?"

"मी."

"याची मुदत संपून चार महिने झालेत, काका. नवा होईपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही."

मैदानावर पुढचा उमेदवार खोळंबला होता, म्हणून गाडी हलवणं भाग होतं. विजेचं सॉकेट फाटकाजवळच्या खोलीत होतं. दोघांत परवाना असलेल्या एकट्या सिस्टर, त्यामुळे स्टिअरिंगवर त्या बसल्या. सर आणि परीक्षक मागून ढकलू लागले.

"अहो," सिस्टरांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, "तुमचं ढकलणं डावीकडे जातंय."

फाटकाजवळ वायर जोडली गेली. सिस्टर गाडीला टेकून उभ्या राहिल्या आणि त्यांनी फोन लावला.

"ताई, चारला तयार राहा. हो गं, झाले पास. निळीच नेस. नाही नाही, मीच चालवणार. तू पुढे बस, तुला रस्ता दिसेल." त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या. "ते? ते येतायत ना. मागे बसतील."

सरांनी पुढची सीट वाकवली, मागच्या सीटपुढची जागा वीतभर होती ती बोटांनी मोजली आणि आपले गुडघे तिथे कसे मावतील, यावर विचार करत उभे राहिले.