एनिडबाईंच्या मधमाश्यांची भूक

"साखरेचा पाक कसा करायचा, हे मला कोणी शिकवू नये!" एनिड हार्डकॅसलबाई टेबलावर हात आपटून म्हणाल्या.

शिकवायला कोणी आलंच नव्हतं. समोर फक्त त्यांचा नवरा सिरिल बसला होता आणि तो टोस्टला लोणी लावत होता. पण बाईंचं म्हणणं खोटं नव्हतं. स्कारथ्वेटच्या शाळेत तीस वर्षं त्यांनी अडीचशे पोरांचा स्वयंपाक केला होता. त्यांचं कस्टर्ड खाऊन वाढलेली पोरं आता यॉर्कशरभर पसरली होती, आणि अजूनही त्यांना रस्त्यात बघितलं की हात धुऊन आल्यासारखे तळवे पुढे करायची.

तर झालं असं की, शेजारचे अरनॉल्ड सग्डन वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी खुबा बदलून घ्यायला निघाले. ऑपरेशननंतर दोन-तीन महिने त्यांना बहिणीकडेच राहायचं होतं. गाडीत बसता बसता त्यांनी एनिडबाईंचा हात धरला.

"पोरी, माझ्या माश्या सांभाळ. माझ्या बायकोच्या, आयरीनच्या आहेत त्या. ती गेल्यापासून माझ्याशी बोलणारं एवढंच उरलंय."

"तुम्ही काही काळजी करू नका, मिस्टर सग्डन!"

"नाताळ झाला की पेटी मागून जराशी उचलून बघ. जड लागली तर आत मध आहे. हलकी लागली तर साखरेचं फाँडंट दे, नाहीतर वसंत यायच्या आत उपाशी मरतील बिचाऱ्या. आणि नीट लक्षात ठेव, सफरचंदाखालची पेटी! नासपतीखालची रिकामी आहे."

"सफरचंद! ठेवलं लक्षात!" बाई म्हणाल्या. गाडी निघाली. म्हातारबाबा खिडकीतून बागेकडे बघत गेले. बाईंनी त्याच क्षणी मनाशी गाठ मारली, की या माश्यांतली एकही मरू द्यायची नाही. मग भले आपल्याला काही होवो!

नाताळ झाला. बर्फ पडला. एनिडबाई जाळीची टोपी घालून सग्डनांच्या बागेत शिरल्या आणि थबकल्या. दोन पेट्या, दोन झाडं, आणि दोन्ही झाडांवर पान म्हणून औषधाला नाही! दोन्ही उलट्या ठेवलेल्या झाडूंसारखी सारखी!

"सिरिल, यातलं सफरचंदाचं कुठलं रे?"

सिरिल कुंपणापलीकडे उभा होता. मधमाशी नुसती चित्रात दिसली तरी तो पान उलटायचा. मात्र "मला ठाऊक नाही" हे वाक्य त्याने आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं.

"डावीकडचं," तो ठामपणे म्हणाला.

बाईंनी डावीकडची पेटी मागून उचलली. एका बोटावर उचलली गेली!

"अरे देवा! सिरिल, कापसासारखी हलकी लागतेय! उपाशी आहेत रे!"

बाई तिथून ज्या धावल्या त्या थेट चुलीपाशी. गावातल्या मधमाशीपालक मंडळाच्या चिटणीस मिसेस फॉदरगिल यांनी फोनवर सुचवलं, की बेकरीत तयार फाँडंट मिळतं, तेच आणा. बाईंना ते भयंकर लागलं. बेकरीतलं? आयरीनच्या माश्यांना? छे!

फाँडंट म्हणजे काही जगावेगळं नाही. साखरेचा गोळीबंद पाक करायचा, कोमट होऊ द्यायचा आणि पांढराशुभ्र, मऊ गोळा होईपर्यंत घोटायचा. पहिल्या घाण्याच्या वेळी अरनॉल्डांचा फोन आला आणि बोलता बोलता पाक करपला.

"थोडा तपकिरी झालाय. चालेल का हो?"

"अजिबात नाही! जुलाब होतात त्यांना!"

बाई हादरल्या. हजारो माश्या आणि सगळ्यांना जुलाब! तो घाणा सिरिलने आठ दिवस टॉफी म्हणून चघळला. त्यात त्याची एक दाढ निखळली, पण त्याने तक्रार केली नाही. दुसरा घाणा असा आळला की पातेल्यातून निघेचना. पातेल्यासकट दाराला अडसर म्हणून लावला. तिसरा मात्र जमला! लोण्यासारखा! बाईंनी तो आइस्क्रीमच्या डब्यात भरला आणि बागेत गेल्या.

"आतलं झाकण काढायचं नाही," अरनॉल्डांनी बजावलं होतं. "त्याला मधोमध भोक आहे, त्यावर डबा उपडा घाल, छप्पर लाव आणि चालू पड. ऊब गेली तर मरतील. माश्या दिसणार नाहीत, त्या खाली एकमेकींना बिलगून बसलेल्या असतात."

श्वासाने बाईंच्या चष्म्यावर वाफ धरली होती. दिसायचं म्हटलं तरी काही दिसलं नसतं. त्यांनी चाचपून भोक शोधलं, डबा उपडा घातला, छप्पर लावलं आणि पेटीला कान लावला.

"ऐक सिरिल, ऐक! खायला लागल्या!"

सिरिलने कुंपणावरून मान लांब केली. "कुरकुर ऐकू येतंय."

"मग?"

"माश्या गुणगुणतात. कुरकुरत नाहीत."

"इतक्या थंडीत तुझा आवाज तरी सुरात लागतो का? त्यांचाही बसला असेल!"

दोन आठवड्यांनी बघितलं तर डबा चाटूनपुसून लख्ख! बाईंचा आनंद गगनात मावेना. दुसरा डबा घातला. दहा दिवसांत रिकामा! तिसरा आठवड्यात! अडीचशे पोरांनी मिळून इतकं कौतुक कधी केलं नव्हतं. मधे एकदा लख्ख ऊन पडलं, तेव्हा उजवीकडच्या पेटीच्या दाराशी दहा-बारा माश्या घिरट्या घालताना दिसल्या.

"त्या तिकडे कशाला गेल्यात?" सिरिलने विचारलं.

"रिकामं घर बघायला," बाई म्हणाल्या. "पोट भरलं की माणूस फिरायला जातंच."

अरनॉल्ड तर खूशच झाले. त्यांनी हे ज्याला त्याला फोन करून सांगितलं आणि बातमी मिसेस फॉदरगिलपर्यंत पोचली. यंदाच्या थंडीत मंडळातल्या निम्म्या लोकांच्या पेट्या ओस पडल्या होत्या. आणि एनिड हार्डकॅसलच्या माश्या आठवड्याला अर्धा किलो हाणतात! चिटणीसबाई जातीने घरी आल्या.

"हार्डकॅसलबाई, येत्या शनिवारी आमच्या सभासदांना प्रात्यक्षिक दाखवाल का?"

"आता तुम्ही एवढं म्हणताय तर!" बाई म्हणाल्या. नाही म्हणायला त्यांनी मधे श्वास घेण्याइतकी सवड ठेवली होती, पण वापरली नाही.

शनिवारी सकाळी अकरा वाजता बारा सभासद बागेत जमले. पांढरे अंगरखे, जाळ्या, हातात वह्या. जणू अंतराळवीरांची सहल! बाईंनी ताज्या फाँडंटची दोन किलोंची लादी ट्रेमध्ये मांडली. अरनॉल्ड फोनवर हजर होते. फोन स्पीकरवर टाकून कुंपणाच्या बागेकडच्या बाजूला धरून उभं राहायची कामगिरी सिरिलवर होती. तीस वर्षांच्या संसारासाठी त्याने तेवढं केलं.

"मंडळी," बाईंनी घसा साफ केला, "सगळं पाकावर आहे. पाक प्रेमाने केला, की माशी खाते. आज ऊन आहे, तेव्हा आपण आतलं झाकणही क्षणभर उचलू आणि आपल्या पाहुण्यांना भेटू!"

झाकण उचललं.

आत सुकलेलं गवत, पिसं, मेणाचा चुरा यांची एक गुबगुबीत गादी होती. गादीच्या मध्यभागी एक उंदीर उताणा झोपला होता. पोट असं, की चारही पाय चार दिशांना. शेजारी बायको आणि चार पोरं. तीही खात्यापित्या घरची.

"काय दिसतंय? राणी दिसली का?" फोनमधून अरनॉल्ड ओरडले. "सिरिल! बोल की!"

सिरिल निरखून बघत होता. "तिला शेपूट आहे," तो म्हणाला.

"कुणाला?"

"राणीला. आणि मिशा."

तेवढ्यात उंदीर जागा झाला. कुटुंब चटकन दारातून बाहेर सटकलं. कर्ता पुरुष मात्र दारात अडकला. थंडीच्या सुरुवातीला आत शिरला तेव्हा सडपातळ असणार! डोकं बाहेर, बाकी संसार आत. मिसेस फॉदरगिलनी मागून पेनाने ढकललं, तेव्हा बूच निघाल्यासारखा आवाज होऊन तो सुटला आणि डुलत डुलत, मुळीच घाई न करता, झुडपात गेला.

"उंदीर?" फोन किंचाळला. "पोरी, तू कुठली पेटी उघडलीस?"

"सफरचंदाखालची!"

"कळ्या टोकदार, गुळगुळीत आहेत की सफरचंदाच्या असतात तशा लवेच्या?"

एका सभासदाने फांदी वाकवून बघितली आणि हळूच सांगितलं, "ही नासपती आहे, बाई."

एनिडबाईंनी सिरिलकडे बघितलं. सिरिलने फोनकडे बघितलं. पण भांडायला वेळ नव्हता. सात आठवडे! उजवीकडच्या पेटीला सात आठवड्यांत दाणा मिळाला नव्हता. बाई धावल्या. पेटी मागून उचलली. हीसुद्धा हलकी! आणि ही खरोखरची हलकी.

"मिस्टर सग्डन," त्या फोनकडे वळून म्हणाल्या, "हलकी आहे हो."

फोनमधून म्हातारा हलकेच म्हणाला, "टकटक कर."

बाईंनी बोटाने टकटक केलं. कान लावला. काही नाही. पुन्हा केलं. आणि मग फार खोलवरून, आजाऱ्याने कूस बदलावी तसा, एक बारीक हुंकार आला.

"आहेत! जिवंत आहेत!" बाई ओरडल्या. "ट्रे आणा!"

पण लादी थंडीने दगड झाली होती. एक सभासद म्हणाला, घरी नेऊन गरम करू. दुसरा म्हणाला, आता उशीर झालाय, नशिबावर सोडा. एनिडबाईंनी कोणाचंच ऐकलं नाही. त्यांनी लादीचा मोठा तुकडा मोडला, सरळ स्वेटरच्या आत छातीशी धरला आणि बारा माणसांसमोर, बर्फात, दात वाजत असताना तो मळू लागल्या. पाच मिनिटं. दहा मिनिटं. ओठ निळे पडले.

"हार्डकॅसलबाई, न्यूमोनिया होईल!"

"होऊ दे!"

गोळा मऊ झाला. बाईंनी छप्पर काढलं आणि तो भोकावर थापला. या वेळी चष्मा काढून, डोळे भोकाला लावून त्या तिथेच गुडघ्यांवर बसल्या. बराच वेळ काहीच झालं नाही. मग अंधारातून एक माशी वर आली. म्हातारीसारखी, थांबत थांबत. तिने जीभ लावली. मग दुसरी आली. मग पाच. मग मोजता येईनात.

सिरिलने आयुष्यात प्रथमच कुंपण सोडलं. डोळे घट्ट मिटून तो पेटीपर्यंत गेला आणि फोन तिच्या दाराशी धरला. आतली गुणगुण हळूहळू वाढत होती. फोनच्या त्या टोकाला सग्डनांनी दोनदा नाक शिंकरलं.

"बोलतायत," ते म्हणाले.

बाई उठल्या. स्वेटरचा पुढचा भाग साखरेने कडक होऊन पत्र्यासारखा वाजत होता. सभासद टोप्या काढून उभे होते. मिसेस फॉदरगिल मात्र कर्तव्याला चुकणाऱ्या नव्हत्या. त्यांनी वही उघडली, पेनाला चिकटलेला उंदराचा केस झटकला आणि विचारलं, "हार्डकॅसलबाई, आजच्या प्रात्यक्षिकाची नोंद करायची आहे. विषय काय लिहू?"

एनिडबाईंनी थोडा विचार केला.

"'हिवाळ्यात खाऊ घालणं' एवढंच लिहा," त्या म्हणाल्या. "कोणाला, ते नका लिहू."