अवकाशातल्या मयतांची फातिहा

रऊफने निदान आजच्या दिवशी तरी असं वागायला नको होतं. तिशी उलटलेला दाढीवाला गडी. सिनेमा बघून आला आणि घराच्या जिन्यातच हमसून हमसून रडत बसला. का, तर अवकाशातल्या लढाईच्या त्या सिनेमात या खेपेला चांगली माणसं झाडून सगळी मेली! आधीच्या भागांत ती जिंकायची म्हणे.

वर त्याची आई, उम्म रऊफ, गुलाबाचं सरबत ढवळत होती. धाकट्या नहलाला मागणी घालायला हाज्ज बदरावी मुलाला घेऊन यायचे होते. म्हातारा याआधी तीनदा "विचार करून सांगतो" म्हणत उठून गेला होता. आजही रिवाजाप्रमाणे कुराणातली फातिहा वाचून शब्द पक्का झाला नाही, तर अलेक्झांड्रियात तोंड दाखवायला गल्ली उरणार नव्हती.

जिन्यात शेजारीण उम्म वाएल रऊफपाशी थबकली. "काय झालं रे लेकरा?"

"सगळे गेले, मावशी! एकही उरला नाही!"

कोण गेले, हे विचारायला थांबली तर ती उम्म वाएल कसली! घटकाभरात काळे कपडे घातलेली अख्खी इमारत उम्म रऊफच्या दिवाणखान्यात येऊन बसली. तिच्याच चुलीवर कुणीतरी मयताची बिनसाखरेची कॉफी चढवली.

"अगं बायांनो, पण मेलंय कोण?" उम्म रऊफ ओरडली.

"धक्का बसलाय बिचारीला," बायका कुजबुजल्या आणि तिला धरून खाली बसवलं. मागून वर आलेल्या रऊफने हुंदके देत तिच्या कानात सिनेमाचं सांगितलं.

तेवढ्यात हाज्ज बदरावी मुलासह दारात आले. गर्दी बघून त्यांनी मिठाईचा खोका पाठीमागे लपवला. चेहरा पाडला खरा, पण सुटल्याचा आनंद काही लपेना. "अशा दिवशी मागणीचं कसं काढायचं? पुढं बघू," असं म्हणत ते कॉफी घेऊन टेकले.

खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या शेखांनी मयतांसाठी तळवे उघडले. "अल-फातिहा!" सगळ्यांनी हात पसरले. हाज्जनीही पसरले, मन लावून फातिहा वाचली आणि चेहऱ्यावरून तळवे फिरवले.

त्याच क्षणी उम्म रऊफने जीभ हलवून लग्नघरातली अशी किलकारी ठोकली, की शेखांची कॉफी मांडीवर सांडली.

"अहो बाई, मयताच्या घरात हे काय?" हाज्ज दचकले.

"कसलं मयत? मागणी घालायला आलात, मिठाई आणलीत, एवढ्या माणसांदेखत फातिहा वाचलीत. शब्द झाला! नहला, सरबत आण!"

"पण गेलं कोण?"

"रऊफ, सांग रे, तुझे कोण मेले ते."

रऊफने नाक पुसलं. "गुरू ग्रहापलीकडची फलटण. अख्खी."

हाज्जनी शेखांकडे पाहिलं, शेखांनी छताकडे. वाचलेली फातिहा परत घेणार कोणत्या तोंडानं? शेवटी मुलानंच बापाच्या पाठीमागचा खोका काढून घेतला आणि उघडून मधोमध ठेवला.

रऊफ अजून मुसमुसतच होता. उम्म रऊफने त्याच्या हातात मिठाई कोंबली.

"तुझ्या त्या फलटणीनं मरून बहिणीचं लग्न जमवलं, बाबा. तू एवढी वर्षं जिवंत राहून काय जमवलंस?"