तिसरं शिखर

बोधचिन्ह मंजूर झालं की एकवीस दिवसांच्या आत त्या ठिकाणाने चित्रासारखं दिसायचं, असा पर्यटन कार्यालयाचा नियम होता आणि आजवर एकाही ठिकाणाने तो मोडला नव्हता. पलीकडच्या तालुक्यातल्या तळ्याने तर मुदतीच्या चार दिवस आधीच बदामाचा आकार घेतला होता.

शलाकाने दुशिंगी डोंगराचं बोधचिन्ह काढलं तेव्हा तिच्या लग्नाला दोन महिने झाले होते. दुशिंगीला शिखरं दोनच. पण फलक, तिकिटं, टोप्या, पाण्याच्या बाटल्या, सगळीकडे एकच चित्र जायचं होतं, आणि दोन शिखरं टोपीवर मांजराच्या कानांसारखी दिसतात असं तिच्या कार्यालयातल्या धुमाळसाहेबांचं मत पडलं. म्हणून तिने उजवीकडे तिसरं काढलं, जरा बुटकं. साहेब खूश झाले. मंजुरीचा शिक्का बसल्यावर तिच्या ध्यानात आलं, की डोंगराच्या उजव्या अंगाला तिचं सासर आहे.

तिने घरी कुणाला सांगितलं नाही. नव्या सुनेने दोन महिन्यांत घर घालवलं, हे सांगायचं तरी कुठल्या तोंडाने?

आठव्या दिवशी पोळपाटावरचं लाटणं आपसूक घरंगळलं. सासूबाईंनी उचलून ठेवलं, ते पुन्हा घरंगळलं.

"जमीन फुगायला लागली," त्या म्हणाल्या. "तिसरं शिखर येतंय म्हणे. तीन तिगाडा, काम बिगाडा. कुणाच्या डोक्यातून निघालं असेल गं हे?"

"असेल कुणीतरी," शलाका म्हणाली, आणि तव्यावरची पोळी करपली.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांसमोर उभी राहिली.

"साहेब, ते तिसरं शिखर खोडता येईल का?"

"टोप्या छापून झाल्या."

"तिथे माझं घर आहे."

साहेबांनी चित्र हात लांब करून पाहिलं. "चित्रात तर नाही."

"काढलं नाही मी."

"मग एकविसाव्या दिवशी नसणार." ते कठोर माणूस नव्हते, त्यांनी तिला बसायला सांगितलं. "खोडता येत नाही. भर घालता येते. एकच खूण, आणि ती सगळ्यात लहान वस्तूवरही दिसली पाहिजे."

सगळ्यात लहान वस्तू म्हणजे किल्ल्या अडकवायचं किचेन. शलाकाने उतरतं छप्पर काढलं. किचेनवर ते ओरखड्यासारखं आलं. दार, ओटा, तुळशीवृंदावन काढलं. शाईचा डाग पडल्यासारखं दिसलं. इकडे घर रोज हातभर वर चढत होतं. दूधवाला खालूनच हाक मारायचा आणि सासूबाई दोरीने किटली ओढून घ्यायच्या. "कष्ट आहेत, पण वारा छान लागतो," असं त्या शेजारणीला वरून ओरडून सांगायच्या. शलाका दोरी धरून उभी राहायची आणि दिवस मोजायची.

विसाव्या दिवशी तिने तिसऱ्या शिखरावर नुसता एक ठिपका ठेवला.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"घर."

"टिकलीसारखं दिसतंय."

"दिसू दे."

साहेबांनी किचेन भिंगाखाली धरलं. ठिपका दिसत होता. त्यांनी सही केली.

एकविसाव्या सकाळी जाग आल्यावर तिने बराच वेळ डोळे उघडलेच नाहीत. आधी हाताने चाचपलं. गादी होती. गादीखाली फरशी होती. पलीकडे भिंत लागली, म्हणून तिने तिच्यावरून हात पुढे नेला, आणि भिंत हळूहळू वळत गेली.

स्वयंपाकघरात सासूबाई केरसुणी घेऊन भिंतीच्या कडेकडेने चालत होत्या. त्यांची एक फेरी पूर्ण झाली, दुसरी सुरू झाली.

"काय शोधताय, आई?"

"कोपरा," त्या म्हणाल्या. त्यांनी केरसुणी भिंतीला टेकवली. ती घसरून आडवी झाली. त्यांनी ती उचलली, पदराने पुसली, आणि सुनेकडे न बघताच म्हणाल्या, "पुढच्या वेळी चौकोन काढ."