एक पिवळं पान

वांग्याच्या रोपाचं एक पिवळं पान खुडायचं, एवढंच मी त्या रविवारी ठरवलं होतं.

छप्पन्न सालची गोष्ट. पिंपरीच्या माळावर औषधांचा नवा कारखाना उभा राहिला होता आणि मी तिथे कारकून म्हणून चिकटलो होतो. वारा सुटला की चहाच्या कपातसुद्धा माळावरची माती यायची. (आता तसा चहा मिळत नाही.) क्वार्टरमागे माझ्या बायकोने, इंदूने, वांग्याची बारा रोपं लावली होती. ती मोशीच्या शेतकऱ्याची लेक. मी शाळामास्तरचा मुलगा, शेतीशी माझा संबंध ताटापुरता.

महिन्याभराने माझे सासरे भिमाजी लेकीचा संसार बघायला पहिल्यांदाच येणार होते. बिनजमिनीच्या माणसाला पोरगी दिली, हे त्यांना गावात अजून ऐकावं लागत होतं. बाग नेटकी दिसली तर निदान माझ्यावरून त्यांची मान खाली जाणार नाही, असं मला वाटलं.

पान खुडलं. दोन दिवसांनी त्याच्या वरचं पिवळं पडलं. तेही खुडलं. रोग वर चढतोय, असं मी निदान केलं. (औषधांच्या कारखान्यात नुसती आवक-जावक लिहिली तरी माणसाला डॉक्टर झाल्यासारखं वाटतं.) इंदू ‘राहू द्या’ म्हणाली, तर तिला मी संसर्ग म्हणजे काय ते समजावलं. तीन आठवड्यांत प्रत्येक रोपाच्या शेंड्यावर तेवढा झुबका उरला. नुकतीच मुंज झालेले बारा बटू रांगेत उभे केल्यासारखे दिसत होते.

शेजारच्या दत्तोबांनी सल्फेट खताचा डबा दिला आणि चिमूट चिमूट घालायला सांगितलं. पाहुणे तोंडावर आलेले, त्यात चिमूट कसली? मी मूठ मूठ घातली. चौथ्या दिवशी अकरा रोपं करपली. बारावं वाचलं, कारण इंदू कळशी घेऊन त्याच्या आडवी उभी राहिली होती.

मामा, म्हणजे माझे सासरे, आले. त्या एका रोपापुढे उकिडवे बसले आणि त्यांनी उघड्या बुंध्यावरून बोट फिरवलं.

‘‘पानं कुनी खुडली?’’

‘‘मी. पिवळी पडली होती.’’

‘‘माती उपाशी हाय, जावईबापू. अशा वक्ताला झाड म्हाताऱ्या पानातला कस काढून कवळ्या पानाला देतं. म्हून खालचं पिवळं पडतं. त्याचं देऊन व्हायच्या आतच तुमी त्याला उचललं.’’

बोलता बोलता त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती पदराशी चाळा करत राहिली. मग मामांनी पागोटं उतरवलं, कुदळ मागितली आणि दुपारभर माती खणली. दोन दिवसांनी शेणखताची बैलगाडी हाकत पुन्हा आले. निघताना इंदूला म्हणाले, माणूस सरळ हाय, निस्ता हात वाईट.

दिवाळीनंतर नव्या रोपांना अशी वांगी लागली की मी मोठ्या साहेबांकडे टोपलीभर नेली. साहेब खूश झाले. त्यांच्या बंगल्यातल्या गुलाबांची पानं पिवळी पडत होती, ती मीच येऊन बघावीत म्हणाले. मी घरी आलो तो जमिनीपासून वीतभर वर चालत. मामा ओसरीवर बसले होते, त्यांना सगळं सविस्तर सांगितलं.

त्यांनी शांतपणे विचारलं, ‘‘नोकरी कायम झालीया का?’’

‘‘अजून सहा महिने आहेत.’’

‘‘मंग सहा महिने हात खिशात ठेवा.’’